ज्याची जमीन, त्याचे हात

फिनलंड पश्चिमेच्या लष्करी युतीत गेलं त्या दिवशी ब्रिगेडच्या कॉफीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर खांबावर आपल्या झेंड्याशेजारी दुसरा झेंडा चढला होता आणि आत जो तो मागण्या मांडत होता, लग्न ठरल्यावर सासरकडून काय काय येणार याची चर्चा चालावी तशी. कोठारवाल्याला नवे बूट हवे होते, आणि या वेळी मापाचे. तरुण लेफ्टनंटांना परदेशी नेमणुका आणि परदेशी भत्ते दिसायला लागले होते. स्वयंपाकघरातल्या बाईंना एवढीच काळजी, की येणारे पाहुणे राईची काळी भाकरी खातील की नाकं मुरडतील. पेन्शनीला टेकलेले कॅप्टन म्हणत होते, काही होत नाही, कागद दुप्पट होतील आणि तेही इंग्रजीत, बाकी दलदल तीच आणि डासही तेच.

या सगळ्या बडबडीच्या खाली भीती होती आणि तिचं नाव कोणी काढत नव्हतं. पूर्वेची सीमा तिथून गाडीनं तासाभरावर. आपलं रक्षण आपणच करायचं, मदतीला कुणी येत नसतं, हे या माणसांना आजोबा-पणजोबांपासून शिकवलेलं. आता म्हणे मदत येणार होती. फुकट कुणी येत नाही हेही सगळ्यांना कळत होतं. बदल्यात काय द्यावं लागेल, तेवढं मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

ओस्मो पुहाक्का कोपऱ्यात आपला कप घेऊन बसला होता. हुद्द्यानं तो वरिष्ठ सार्जंट, पण सगळी ब्रिगेड त्याला मास्तर म्हणायची, कारण त्याचं अर्धं आयुष्य शिकवण्यात गेलं होतं. कुणीतरी विचारलं, मास्तर, तुमच्या खात्यात काय बदलणार?

"काही नाही," ओस्मो म्हणाला. "मेलेली माणसं युतीत जात नाहीत."

त्याचं खातं मेलेल्यांचंच होतं. दुसऱ्या देशांचे शिपाई पडले तिथंच पुरले जातात, पांढऱ्या खुणांच्या रांगा लागतात, पाहुणे फुलं वाहतात. फिनलंडनं हे कधी मान्य केलं नाही. मागच्या मोठ्या युद्धात प्रत्येक प्रेत स्लेजवरून, मालगाडीतून, मिळेल त्या मार्गानं त्याच्या स्वतःच्या गावी, स्वतःच्या चर्चच्या आवारात आणलं गेलं. आघाडीच्या मागे एखाद्या शाळेत किंवा गोठ्यात बायका ती प्रेतं धुवायच्या, नीट कपडे घालायच्या, पेटीत ठेवायच्या. मग झाकण बंद व्हायचं, ते पुन्हा उघडायचं नाही. घरच्यांनी उघडू नये म्हणूनच तर परक्या बायकांनी ते सगळं आधी पाहून घेतलेलं असायचं. पुन्हा वेळ आली तर हे काम कसं करायचं, ते ओस्मो राखीव शिपायांना शिकवायचा. त्याच्या वर्गात शाळामास्तर असत, नळ दुरुस्त करणारे असत, एकदा तर एक दातांचा डॉक्टर आला होता आणि पहिल्याच दिवशी उलटी करून गेला.

त्याचा आजोबाही असाच पेटीतून आला होता. आजीनं झाकणाला हात लावला नाही. ती नुसती वाकली, फटीशी नाक नेलं आणि पाइनच्या डांबराच्या साबणाचा वास आल्यावर म्हणाली, "धुतलंय माझ्या माणसाला." मग ती रडायला बसली. ओस्मो ही गोष्ट प्रत्येक नव्या वर्गाला सांगायचा. त्याच्या शिकवणीचा सगळा पाया त्या एका वासावर उभा होता.

त्या दिवशी कॉफीच्या खोलीत त्याचा मुलगाही होता. नीलो, एकुलता एक, पूल बांधणाऱ्या तुकडीत सार्जंट. बापासारखा रुंद खांद्यांचा, आईसारखा बोलका.

"मला तरी बदल हवाय, बाबा," तो म्हणाला. "नोकरीला लागल्यापासून एकाच दलदलीवर पूल बांधतोय. बांधायचा, मोडायचा, परत बांधायचा. एखादी वाहती नदी तरी बघू दे की."

सगळे हसले, ओस्मोही हसला.

पुढच्या हिवाळ्यात युतीचे अधिकारी ब्रिगेडमध्ये बैठकीला आले. विषय बरेच होते. इंधन कुणाचं, रेडिओ कुठला, आगगाडीच्या रुळांची रुंदी. प्रत्येक विषयात फिनलंडनं मान डोलवायची आणि आपलं काहीतरी बदलायचं, असंच चाललं होतं. कर्नल हालोला, ब्रिगेडचा प्रमुख, भला माणूस, पण तोही तिसऱ्या दिवशी वैतागला. आपण युतीत आलोय की तालमीत, असं तो जेवताना म्हणाला.

शेवटच्या दिवशी मेलेल्यांचा विषय निघाला आणि ओस्मोला बोलावणं आलं. युतीचा मसुदा साधा होता. ज्याचा शिपाई मरेल त्या देशाचं पथक येईल आणि आपलं प्रेत आपण घेऊन जाईल. तोवर ते थंड जागी ठेवायचं. ओस्मोनं ते ऐकलं आणि त्याच्या डोक्यात तिडीक गेली. थंड जागी ठेवायचं म्हणजे काय, मासे आहेत का? त्याच्या डोळ्यांसमोर फिनलंडच्या बर्फात पडलेली परदेशी पोरं होती. आपल्या मदतीला आलेली, आपल्या सीमेवर मेलेली. ती आपल्याच लोकांची वाट बघत तशीच चिखलामातीत पडून राहणार, आणि आपण हात धुऊन उभे राहणार?

त्याचं इंग्रजी चार वाक्यांचं. पण ती चारही त्यानं टेबलावर हात ठेवून सांगितली. ज्याच्या जमिनीवर माणूस मरेल, त्याचेच हात त्याला धुतील. तेच कपडे घालतील. तेच झाकण बंद करतील. आणि बंद झालेलं झाकण कुणी उघडायचं नाही, त्याच्या देशानंही नाही.

 मग एका डॅनिश मेजर बाईनं विचारलं, "आणि तुमचा माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर मेला तर?"

"आमची माणसं घरी मरतात, बाई," ओस्मो म्हणाला.

सगळे हसले. त्यानं हे विनोदानं म्हटलं नव्हतं. या देशातल्या माणसाला युद्ध म्हटलं की आपलं रान, आपलं तळं, आपला रस्ता एवढंच दिसतं. शांतिसेनेत जाणारे मोजके, त्यांची व्यवस्था निराळी. युद्ध म्हणजे कुणीतरी आपल्याकडं येणार आणि आपण त्याला अडवणार. आपणच दुसऱ्याकडं जाऊ, हे ओस्मोच्या काय, ब्रिगेडमधल्या कुणाच्याच मनात नीट उतरलं नव्हतं, झेंडा चढून वर्ष होत आलं तरी.

नियम मंजूर झाला. युतीच्या कारकुनांनी त्यात विमानप्रवासासाठी जस्ताची पेटी आणि हवा जाणार नाही अशा, डाग देऊन झाळलेल्या कडा घातल्या, पण गाभा ओस्मोचाच राहिला. कर्नलनं त्या संध्याकाळी केक मागवला. इतके दिवस युती आपल्याला बदलत होती, आज आपल्या मास्तरनं युतीला बदललं, असं त्यानं भाषणात सांगितलं. ओस्मो लाजला. घरी येऊन त्यानं मेर्याला, बायकोला, सगळं दोनदा सांगितलं. माणसाला आपल्या हातून झालेल्या गोष्टीचा इतका आनंद होऊ नये, पण होतो.

मग परदेशी पथकं त्याच्याकडं शिकायला येऊ लागली. वाळू भरलेल्या पोत्यांची माणसं करायची, ती धुवायची, आधी नाव मोठ्यानं घ्यायचं, मग कोमट पाणी, मग साबण, डोक्याकडून पायाकडं. गार पाणी त्याला चालायचं नाही. साउनात, म्हणजे घराशेजारच्या वाफेच्या न्हाणीघरात, वाढलेल्या माणसाला गार पाण्यानं निरोप देणं त्याला पाप वाटायचं, आणि त्याच्या मते जगातला प्रत्येक माणूस मुळात साउनातच वाढायला हवा होता.

सगळ्यात हुशार विद्यार्थी होता विल्मांतास, लिथुआनियाचा एक सार्जंट. उंच, किडकिडीत, कमी बोलणारा. शेवटच्या धड्याला ओस्मोनं सांगितलं, पेटी घेऊन तुम्ही घरी जाल तेव्हा आई एकच गोष्ट विचारेल. कशी विचारेल ते देशाप्रमाणं बदलेल, पण अर्थ एकच. आमच्याकडं विचारतात, पाणी कोमट होतं का?

"तुम्ही 'हो' म्हणायचं," तो म्हणाला. "लगेच. विचार करायला थांबलात की संपलं. थांबणं हेच तिला उत्तर मिळतं."

विल्मांतासनं हात वर केला. "आणि धुतलंच नसेल तर, मास्तर? बॉम्ब पडत असतील, पाणीच नसेल तर?"

"तरी हो. पाणी होतं की नव्हतं हे तुझं ओझं. ते तिच्या डोक्यावर द्यायचं नाही."

विल्मांतासनं हे लिहून घेतलं नाही, नुसतं बघत राहिला. ओस्मोला तेव्हाच कळलं, या पोराच्या आत गेलं ते.

हा धडा मेर्याला मात्र कधी पटला नाही. ओस्मो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून धड्यांची तयारी करायचा, त्यामुळं तिला सगळं पाठ होतं. मासे साफ करता करता ती एकदा म्हणाली, "बाईला कळतं, ओस्मो. खरं सांगणारा जरा थांबतो. आठवायला वेळ लागतो ना. लगेच हो म्हणतो तो पढवलेला असतो." ओस्मो म्हणाला, तू शहाणी आहेस, सगळ्या बायका तुझ्यासारख्या नसतात. मेर्या म्हणाली, सगळ्या असतात.

त्याच्या पुढच्या वर्षी वसंत ऋतू सुरू होता होता नीलोची तुकडी लिथुआनियाला सरावासाठी गेली. जाताना तो आनंदात होता. खरी नदी, बाबा, तो म्हणाला, आणि पुरात असलेली. तिथं बर्फ वितळून पाणी चढलं होतं. पुलाचा एक तराफा दोरासकट उलटला. दोष कुणाचाच नव्हता. दोर नवा होता, माणसं शिकलेली होती, नदी नदीसारखी वागली. नीलो पाण्याखाली गेला तो दुसऱ्या दिवशी बराच खाली, एका पडलेल्या झाडात अडकलेला सापडला.

कर्नलनं ओस्मोला बोलावलं, कॉफी ओतली आणि स्वतः उभा राहिला. कॉफी ओतून उभा राहिलेला अधिकारी पाहिला की फिनलंडमधल्या कुठल्याही शिपायाला पुढचं सांगावं लागत नाही. ओस्मो ऐकून घेत राहिला. मग त्यानं पहिली गोष्ट म्हटली ती अशी: "माझं पथक घेऊन मी निघतो. आज. विमान द्या."

 कर्नलनं कपाकडं बघितलं.

"मास्तर, ते नियमात बसत नाही," तो शेवटी म्हणाला. "ज्याची जमीन, त्याचे हात. तुम्हीच..."

पुढचं त्याच्यानं बोलवलं नाही. ओस्मोनं खुर्चीची पाठ धरली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण त्याला ठाऊक नव्हती, पण त्या घडीला तिचा अर्थ त्याच्याइतका कुणाला कळला नसेल.

त्यातही त्यानं रीत सोडली नाही. घरी बातमी द्यायची ती पाद्र्यानं, नातलगानं नाही. युद्धाच्या काळात पाद्री पायी येताना दिसला की गावातल्या बायका दारं लावून घ्यायच्या, बातमी आपल्या घरात शिरू नये म्हणून. ब्रिगेडचा पाद्री ओइवा गाडीनं आला, पण वळणावर त्यानं गाडी थांबवली आणि काळा कोट घालून चालत निघाला. ओस्मो त्याच्या मागं होता.

मेर्या खिडकीत होती. तिनं ओइवाला पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. मग तिला मागं ओस्मो दिसला, धडधाकट, चालत येणारा, आणि तिचा चेहरा उजळला. एक क्षण. मग या घरात उरलेलं दुसरं नाव तिच्या लक्षात आलं. तो उजळलेला चेहरा विझताना ओस्मोनं पाहिला. रीत पाळायच्या नादात आपण बायकोला आधी सुख दाखवून मग हे दिलं, हे त्याला आयुष्यभर पुरणार होतं.

ती आक्रोश करून रडली नाही. ओइवानं प्रार्थना म्हटली ती ऐकून घेतली, त्याला कॉफी दिली, कारण पाद्र्याला कॉफीशिवाय पाठवत नाहीत. तो गेल्यावर ती ओस्मोजवळ आली.

"त्याला इथं आण," ती म्हणाली. "आपल्या साउनात पाणी तापवते मी. मी धुईन त्याला. तुझ्या बापाचा जन्म तिथं झाला, तुझ्या आजीला शेवटचं तिथं धुतलं. नीलोला नदीचं पाणी अंगावर घेऊन मातीत जाऊ देणार नाही मी. आणशील ना?"

"हो," ओस्मो म्हणाला. लगेच म्हणाला.

पेटी आली त्या दिवशी ऊन पडलं होतं आणि सगळीकडं बर्फ वितळून पागोळ्या गळत होत्या. पेटी ब्रिगेडच्या छोट्या प्रार्थनाघरात ठेवली. जस्ताची, कडा झाळलेली, वर फिनलंडचा निळ्या क्रॉसचा झेंडा. सोबत दुसऱ्या देशाचा एक सार्जंट आला होता, उंच, किडकिडीत. तो विल्मांतास होता. त्यांनी निवडला तर कुणाला निवडला. पण साहजिकच होतं, सगळ्यात चांगला शिकलेला तोच होता.

कर्नल आत आला, पेटीला सलाम केला. मग ओस्मोकडं न बघता म्हणाला, शेजारच्या खोलीत पत्रा कापायची कात्री ठेवलीय, दुरुस्तीवाले विसरून गेलेत. मी आणि ओइवा कॉफीला जातोय, बराच वेळ लागेल. आणि दार लावून गेला. एवढं एका कर्नलनं करावं, हे फार होतं.

ओस्मोनं कात्री आणली. पेटीच्या कडेला टेकवली. विल्मांतास भिंतीशी उभा होता, त्यानं अडवलं नाही.

आधी ओस्मो वाकला. आजी वाकली होती तसा. झेंडा जरा बाजूला केला, कडेशी नाक नेलं. जस्ताचा वास आला, झाळलेल्या धातूचा आला, विमानाच्या तेलाचा आला. साबणाचा आला नाही. कसा येणार? फट कुठं होती? कारकुनांनी ती फटच बुजवली होती आणि त्यानं त्यावर केक खाल्ला होता.

"विल्मांतास," तो वाकलेलाच म्हणाला, "पाणी कोमट होतं का?"

"हो."

शब्द ओस्मोच्या प्रश्नाला चिकटूनच आला. मध्ये श्वासाइतकंही अंतर नव्हतं. ओस्मो सरळ झाला. त्यानं त्या पोराच्या डोळ्यांत पाहिलं आणि तिथं त्याला दुःख दिसलं, आदर दिसला, स्वच्छ काचेसारखा सगळा धडा दिसला. त्यापलीकडचं काही दिसलं नाही.

"मी तुझा मास्तर आहे," तो म्हणाला. "मास्तर म्हणून विचारतोय. मला खरं सांग. प्रेत नदीतून काढलेलं होतं. थंडी होती. डॉक्टर, पोलीस, कागद. धुतलंत का तुम्ही त्याला?"

विल्मांतास सावधान उभा राहिला.

"तुम्ही बाप म्हणून विचारताय, मास्तर," तो म्हणाला. "हो. पाणी कोमट होतं."

खरं असेल. ओस्मोला वाटलं, खरंच असेल. या पोरानं स्वतः किटल्या तापवल्या असतील, मोठ्यानं नाव घेतलं असेल, नीलो पुहाक्का, उच्चार चुकवत घेतलं असेल. आणि खोटंही असेल. कुणी नुसतं पुसून पिशवीत घातलं असेल आणि याला फक्त पेटी मिळाली असेल. यातलं कुठलं खरं, हे आता दोनच गोष्टी सांगू शकत होत्या. एक हे पोर, ज्याला त्यानं स्वतः पढवलं होतं. दुसरी कात्री.

त्यानं कात्री पुन्हा कडेला लावली. जस्त मऊ असतं, दाबलं की जातं. हात मजबूत होते. पण शेकडो शिपायांना त्यानं घरच्यांना सांगायला शिकवलं होतं, उघडू नका, आम्ही पाहिलंय, तुम्ही पाहू नका. आत नीलो धुतलेला निघाला तर भिंतीशी उभ्या या माणसाच्या तोंडावर थुंकल्यासारखं होणार होतं. धुतलेला नसला, दिवसभर झाडात अडकून राहिलेला तसाच चेहरा निघाला, तर ते मेर्यापुढं घेऊन जायचं होतं, साउनाच्या बाकावर ठेवायचं होतं, आणि म्हणायचं होतं, धू. हे आपल्याच्यानं होणार नाही, हे त्याला कळलं. नियम, रीत, युती या सगळ्या नंतरच्या गोष्टी. तो घाबरला होता. एवढंच होतं ते.

त्यानं कात्री खाली ठेवली आणि झेंडा नीट केला. विल्मांतास पुढं आला, त्यानं दुसऱ्या बाजूची घडी सारखी केली. मग दोघं बराच वेळ पेटीच्या दोन बाजूंना उभे राहिले.

दुपार कलायच्या आत ओस्मो घरी गेला. वळणावरूनच साउनाच्या धुराड्यातून धूर निघताना दिसला. सरळ वर जाणारा, बर्च लाकडाचा. मेर्यानं पहाटेपासून भट्टी पेटवली असणार. साउना तळ्याच्या काठाला, लाकडाची, काळी पडलेली. दाराशी बर्फ उकरून वाट मोठी केलेली होती. चार माणसं एक ओझं घेऊन आत जाऊ शकतील एवढी मोठी.

तो आत वाकून गेला. मेर्यानं बाक घासून पांढरा केला होता. भिंतीला तागाचा नवा टॉवेल टांगला होता. खाली दोन बादल्या, त्यांतून वाफ निघत होती, आणि फळकुटावर डांबराचा साबण. त्याचा वास सगळ्या खोलीत भरला होता.

तिनं त्याच्यामागं पाहिलं. वाटेवर कुणी नव्हतं.

"प्रार्थनाघरात ठेवलाय," ओस्मो म्हणाला. "पेटी बंद आहे. उघडत नाहीत ती."

"तू आणतो म्हणालास."

"हो."

मेर्यानं हात पुसले, जरा वेळ टॉवेलाकडं पाहिलं. मग तिनं शांतपणे विचारलं, "धुतलंय त्याला?"

"हो."

"कोमट पाण्यानं?"

"हो."

भट्टीत लाकूड तडकलं. मेर्या त्याच्याकडं बघत राहिली, रागानं नाही. कपाट उघडावं आणि आत रिकामं निघावं, तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं.

"थांबला नाहीस, ओस्मो," ती म्हणाली.

 बोलण्यासारखं ओस्मोजवळ जे होतं ते त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवून संपवलं होतं. मेर्यानं बाही वर सारली आणि मुलाचं नाव घेतलं, मोठ्यानं, पूर्ण. मग साबण उचलला आणि रिकाम्या बाकाला डोक्याकडच्या बाजूनं लावायला सुरुवात केली, सावकाश, खांदे, छाती, हात, जिथं जिथं ते असायला हवे होते तिथं. ओस्मो तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसला आणि त्यानं बादलीतून पाणी घेऊन तिच्या हातांमागं ओतायला घेतलं.

पाणी कोमट होतं.